थंडीत हलके कपडे घालणाऱ्या मुलांसाठी थरांची निवड: क्रम कोणता आणि चुकतं कुठे

"मला नाही वाजत थंडी," असं म्हणून तेरा ते एकोणीस वयाची मुलं गारठ्यात नुसत्या टी-शर्टवर निघतात आणि घरातलं कुणीतरी जाड जॅकेट घेऊन दारापर्यंत मागे जातं. जॅकेट एक तर घरीच राहतं, नाहीतर दिवसभर सॅकला लटकत फिरतं. या वादात दोन्ही बाजूंची चूक एकच असते. कपड्यांचा निर्णय निघायच्या क्षणी, घाईत आणि एकाच कपड्यावरून घेतला जातो.

हलक्या कपड्यांत थंडी निभावते, अगदी नीट निभावते. मात्र ते कपडे ठरावीक क्रमाने निवडावे लागतात आणि घरातून निघण्याआधी तपासावे लागतात. हा लेख पालकांना उद्देशून आहे. मुलांनी स्वतः वाचला तर निम्मं काम आणखी सोपं होईल.

## सुरू करण्याआधी

कपडा ऊब तयार करत नाही. ऊब शरीर तयार करतं आणि कपडा शरीराभोवतीची हवा जागच्या जागी धरून ठेवतो. ती हवा जोवर कोरडी आणि स्थिर आहे तोवर पातळ कपड्यातही माणूस उबदार राहतो. ती हलवणारा वारा आणि तिची जागा घेणारी ओल या दोन गोष्टींनी खेळ बिघडतो. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घामाने भिजलेला जाड शर्ट कोरड्या पातळ शर्टापेक्षा जास्त गार पडतो.

तिसरी गोष्ट हालचालीची. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता देतं. भरभर चालताना ती तिप्पट-चौपट होते. म्हणजे जो कपडा चालताना बरोबर वाटतो, तोच बसथांब्यावर वीस मिनिटं उभं राहिल्यावर अपुरा पडतो.

दारात उभं असलेलं मूल खोटं बोलत नसतं हेही इथेच लक्षात घ्या. ते उबदार घरातून निघतंय, अंगात साठलेली ऊब आहे, पुढची दहा-पंधरा मिनिटं त्याला खरोखरच थंडी वाजणार नाही. प्रश्न त्यानंतरचा असतो. त्यामुळे "थंडी वाजते का?" हा प्रश्न दारात विचारण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा १: जॅकेट का नको, हे आधी नीट विचारा

बहुतेक घरांत हा टप्पा गाळला जातो आणि पुढची सगळी खरेदी वाया जाते. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

आत गेल्यावर उकडतं. वर्गात, बसमध्ये, क्लासमध्ये पन्नास जणांच्या ऊबेत जाड जॅकेट असह्य होतं आणि काढलं तर ठेवायला जागा नसते. उपाय: एका जाड कपड्याऐवजी काढता-घालता येणारे दोन पातळ कपडे.

टोचतं, खाजतं. हे नखरे नसतात. काही मुलांना लोकरीचा स्पर्श, आतली शिवण किंवा मानेमागचं लेबल खरोखर सहन होत नाही. उपाय: अंगालगत मऊ, सपाट शिवणीचा कपडा; लेबल कापण्याऐवजी शिवणीतून उसवून काढा, कारण कापलेल्या लेबलाचं उरलेलं टोक जास्त टोचतं.

हात नीट हलत नाहीत. खेळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या मुलांची ही तक्रार असते. उपाय: बाह्या पातळ आणि धड उबदार. बिनबाह्यांचं फुगीर जॅकेट इथे फार उपयोगी पडतं.

ओझं होतं. सॅक आधीच भरलेली असते. उपाय: मुठीएवढी घडी होणारा वरचा थर.

जाड दिसतं, कुणीच घालत नाही. या वयात हे कारण खरं आणि वजनदार असतं. त्याची चेष्टा करू नका. उपाय: ऊब आत, दिसणारा कपडा त्यांच्या पसंतीचा.

तपासणी: मुलाने दिलेलं कारण एका वाक्यात तुम्हाला सांगता येतंय का? नसेल तर अजून खरेदीला निघू नका.

## टप्पा २: दिवसातला सगळ्यात गार अर्धा तास शोधा

आदल्या रात्री, दोन मिनिटांचं काम. उद्याच्या दिवसात मूल सगळ्यात जास्त वेळ उघड्यावर, न हलता, शक्यतो ओल्या अंगाने कधी असेल? कपडे त्या अर्ध्या तासासाठी निवडायचे.

अनेकांना वाटतं की तो अर्धा तास पहाटेचा. बऱ्याचदा तो संध्याकाळचा असतो. मैदानावर सराव झालाय, टी-शर्ट पाठीला चिकटलाय, सूर्य मावळलाय आणि घ्यायला येणाऱ्या गाडीची वाट बघत मूल फाटकाशी उभं आहे. सकाळी कडक वाटणारा गारठा चालत जाताना निभावतो. हा निभावत नाही.

हवामानाचा अंदाज बघताना दिवसाचं कमाल तापमान बघू नका, त्या ठरावीक तासाचं बघा. सोबत वारा आणि पाऊस बघा. ५ अंश सेल्सिअस तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला तो गारवा साधारण शून्य अंशासारखा लागतो. वाहनावर वारा आपणच तयार करतो: १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याला आणि बोटांना ते ६ अंशांसारखं जाणवतं, मग भोवती पानही हलत नसलं तरी.

थर तीन: अंगालगतचा, मधला आणि वारा अडवणारा; ते टप्पा ३ ते ५ मध्ये एकेक येतात. सुरुवात करायला माझा ढोबळ अंदाज असा आहे, पुढे मुलाच्या अंगमानाप्रमाणे बदला:

- १५ अंशांच्या वर, कोरडी हवा: अंगालगतचा थर, वर नेहमीचा कपडा आणि सॅकमध्ये वारा अडवणारं पातळ जॅकेट.
- ५ ते १५ अंश: तिन्ही थर, पण तिन्ही पातळ.
- ० ते ५ अंश: मधला थर फुगीर, कान आणि हात झाकलेले.
- शून्याखाली: पातळ कपडे फक्त सतत हालचाल असेल तोवर. थांबायचं असेल तर जाड थर सोबत हवाच, यात तडजोड नाही.

सावधान: पाऊस आणि वारा एकत्र असतील तर तापमान ८-१० अंश असलं तरी एक पायरी खालचा नियम लावा. भिजलेल्या अंगावर वारा बसला की शून्याच्या बऱ्याच वरही शरीर धोकादायकरीत्या थंड पडू शकतं.

## टप्पा ३: अंगालगतचा थर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा कपडा दिसत नाही आणि म्हणून त्यावर कुणी विचार करत नाही. वर कितीही चांगलं जॅकेट असो, आत सुती बनियन घामाने भिजलेलं असेल तर उपयोग शून्य.

सुती कापड साध्या हवेतूनच ७-८ टक्के ओलावा धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे सुती बनियन घाम पितं आणि तासन् तास ओलं राहतं. पॉलिएस्टर पाणी धागा फुगवून साठवत नाही, कापडभर पसरवतं आणि लवकर वाळतं. लोकरीचं गणित वेगळं आहे: ती ओलावा धाग्याच्या आत घेते, वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला ओली लागत नाही.

याचा अर्थ सुती कपडे थंडीत बादच असा नाही. दिवसभर बसून राहायचं आहे, घाम येणारच नाही, तर अंगालगत सुती चालतं. पण ज्या दिवशी धावपळ, सराव, सायकल किंवा चढण आहे, त्या दिवशी नाही.

निवडताना हा क्रम ठेवा:

१. माप. कपडा अंगाला टेकलेला हवा, आवळलेला नको. ढगळ असेल तर घाम कापडापर्यंत पोचत नाही आणि आत गार हवा खेळते. आवळलेला असेल तर काखेत आणि मनगटाशी वळ उठतात. काखेतली शिवण ओढली न जाता दोन्ही हात डोक्यावर नेता आले पाहिजेत आणि त्या वेळी कंबर उघडी पडता कामा नये.

२. स्पर्श. घालून पाच मिनिटं बसायला सांगा. हातात मऊ लागणारा कपडा मानेला टोचू शकतो. लोकरीत बारीक धाग्याची मेरिनो लोकर बहुतेकांना टोचत नाही. ज्यांना तीही टोचते त्यांनी सरळ पॉलिएस्टरचं पातळ थर्मल घ्यावं, हट्ट करू नये.

३. गळा. वरच्या शर्टाचा किंवा टॉपचा गळा आधी ठरवा आणि आतला त्याहून खोल घ्या. थर्मलचा काठ कॉलरमधून डोकावला की मूल ते दुसऱ्या दिवशी घालत नाही. एवढ्याशा कारणावरून चांगली थर्मल्स कपाटात पडून राहतात.

४. रंग. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं थर्मल उठून दिसतं. त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारं निवडलं तर जवळजवळ दिसत नाही. गणवेशाचं बंधन असलेल्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोठा फरक करते.

वाळण्याची परीक्षा घरी करता येते. कपड्याच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर घाम त्वचेवरच राहणार. पटकन पसरून मोठा पातळ डाग झाला तर काम होणार. तो डाग अर्ध्या तासाने पुन्हा हात लावून बघा. ओला आणि गार लागला तर तो कपडा सरावाच्या दिवसासाठी नाही. लोकरीला ही परीक्षा लावू नका, तिच्यावर थेंब आत शिरायला वेळ लागतो आणि वाळायलाही.

तपासणी: आतला शर्ट पॅन्टमध्ये खोचला जातोय का? वाकल्यावर पाठीचा वीतभर भाग उघडा पडत असेल तर बाकीच्या थरांनी धरलेली हवा तिथूनच निघून जाते. क्रॉप टॉप घालणाऱ्या मुलींनी आत त्वचेच्या रंगाचं, लांब, अंगाला टेकणारं थर्मल घातलं तर वरची फॅशन बदलावी लागत नाही.

## टप्पा ४: मधला थर

याचं काम एकच, स्थिर हवा धरणं. त्यामुळे इथे वजनापेक्षा फुगीरपणा बघा. पातळ फ्लीस (मऊ, लवदार पॉलिएस्टर कापड), बारीक विणीचा लोकरीचा स्वेटर, किंवा हलकं पफर (आत भरण असलेलं फुगीर) जॅकेट, तिन्ही चालतात. पिसांचं पफर वजनाला सगळ्यात हलकं आणि कोरडं असताना सगळ्यात उबदार असतं, पण भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. पावसाळी किंवा धुक्याच्या ठिकाणी कृत्रिम भरणाचं घ्या.

मुलांची आवडती जाड हुडी बहुतेकदा सुती किंवा सुती-मिश्र असते. तिला विरोध करू नका, जागा बदला. सुट्टीच्या दिवशी फिरायला, वर्गात बसायला ती छान आहे. सरावाला, सायकलवर किंवा पावसात ती मधला थर म्हणून नको. भिजली की जड होते आणि सहजी वाळत नाही. हुडीच हवी असेल तर आतून फ्लीस असलेली पॉलिएस्टरची हुडी दिसायला तशीच असते.

स्वेटर उजेडासमोर धरून बघा. विणीतून पलीकडची खिडकी स्पष्ट दिसत असेल तर वाऱ्यात तो एकटा उपयोगाचा नाही, वर वारा अडवणारा थर लागेल. हा स्वेटरचा दोष नव्हे. सैल विणीत हवा भरपूर राहते, फक्त तिला बाहेरून दार लागतं.

पुढून चेन असलेला कपडा डोक्यावरून घालायच्या कपड्यापेक्षा बरा. उकडलं की चेन निम्मी उघडायची, पूर्ण काढायची गरज नाही. आणि केस विस्कटण्याच्या भीतीने कपडा अंगावरच ठेवून घाम काढत बसण्याची वेळ येत नाही.

सावधान: मधल्या थरावर बाहेरचा थर घट्ट बसला तर आतली हवा दाबली जाते आणि दोन चांगले कपडे मिळून एकाएवढीही ऊब देत नाहीत. पफरवर घट्ट डेनिमचं जॅकेट घालणं ही याची हमखास दिसणारी तऱ्हा.

## टप्पा ५: वारा अडवणारा थर

हलके कपडे घालणाऱ्या मुलासाठी सगळ्यात मोलाचा कपडा हाच, आणि वजन जेमतेम एखाद्या जाड वहीएवढं. त्यात स्वतःची ऊब जवळपास नसते, म्हणून दुकानात हातात घेऊन "हे काय थंडी थांबवणार?" असं वाटतं. आतल्या दोन थरांनी धरलेली हवा तो जागेवर ठेवतो, बस्स.

कापड तोंडाला लावून जोरात फुंका. पलीकडच्या हाताला हवा लागली तर वारा अडणार नाही. अजिबात लागली नाही आणि कापड प्लास्टिकसारखं असेल तर घाम आत साचेल. अशा वेळी काखेत किंवा पाठीवर हवेसाठी झरोके आहेत का बघा.

माप आतले दोन्ही थर घालूनच घ्या. टोपीला आवळायची दोरी असेल तर तिची लोंबती टोकं आत खोचता येतात का, हे सायकल चालवणाऱ्यांनी नक्की बघावं.

## टप्पा ६: कंबरेखालचा भाग आणि टोकं

पायांना धडापेक्षा कमी थंडी जाणवते, म्हणून शॉर्ट्समध्ये फिरणारी मुलं बरीच वेळ निभावून नेतात. कोरड्या हवेत, चालत-पळत असतील तर मी यावर वाद घालणार नाही. जीन्सबद्दल मात्र घालेन: भिजलेली जीन्स पायाला चिकटते, वाऱ्यात गारठते आणि दिवसभर वाळत नाही. पावसाची शक्यता असेल तर ट्रॅक पॅन्ट किंवा आत पातळ लेगिंग घालून वर सैल पॅन्ट.

पाय. दोन मोजे चढवून बूट घट्ट करणं ही जुनी चूक. बोटांना हलायला जागा राहिली नाही की रक्तप्रवाह आवळतो आणि दोन मोज्यांत पाय एकापेक्षा गार पडतात. एकच, बरा, लोकर-मिश्र मोजा आणि बुटात बोटं वर-खाली करता येतील एवढी जागा. घोटा उघडा ठेवणारे बुटके मोजे घालायचेच असतील तर ते वर्गातल्या दिवसापुरते.

हात. मुलं हातमोजे काढतात ते फोनसाठी. एकदा काढले की परत घालायला विसरतात. बोटांची टोकं टच स्क्रीनवर चालणारे पातळ हातमोजे घेतले की हा प्रश्न जवळपास मिटतो. फोनही आतल्या खिशात ठेवायला सांगा. गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते आणि वाट बघत उभं असतानाच फोन बंद पडतो.

डोकं आणि मान. अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते हे खरं नाही. डोक्यातून जाणारा वाटा त्याच्या आकारमानाएवढाच, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. टोपी तरीही उपयोगी आहे, कारण कान आणि मान चटकन गारठतात आणि तो भाग सहसा उघडा असतो. केस बसतात म्हणून कानटोपी नको असेल तर कान झाकणारी रुंद पट्टी आणि मानेभोवती नळीसारखा नेक वॉर्मर पुरे. लांब मफलर सायकलच्या चाकात किंवा यंत्रात अडकू शकतो; अशा मुलांना तो देऊ नका.

## टप्पा ७: घरच्या घरी चाचणी

नवीन जोड पहिल्यांदाच परीक्षेच्या किंवा सहलीच्या दिवशी घालू नका. एखाद्या गार संध्याकाळी, वाटेवर निघण्याची घाई नसताना, हे करा:

१. तिन्ही थर घालून जिना चार-पाच वेळा चढ-उतार करा, किंवा पाच मिनिटं जोरात चाला. थोडा घाम आला पाहिजे.

२. लगेच गच्चीत, गॅलरीत किंवा अंगणात जाऊन पंधरा मिनिटं स्वस्थ उभं राहा. फोन बघायला हरकत नाही, उभं राहायचं.

३. पंधरा मिनिटांनी मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध पाठीला हात लावा. गरम आणि कोरडं असेल तर जोड बरोबर. गरम पण ओलसर असेल तर मधला थर पातळ करा. गार आणि ओलसर असेल तर अंगालगतचा थर बदला. वर आणखी कपडे चढवू नका, त्याने दुखणं झाकलं जातं. गार पण कोरडं असेल तर मधला थर वाढवा.

४. मग बोटांची परीक्षा: शर्टाचं वरचं बटण लावायला सांगा. बोटं आखडून बटण निसटत असेल तर हात अजून झाकायला हवेत.

ही चाचणी मुलाने स्वतःच्या हाताने करावी. तुम्ही पाठीला हात लावून "बघ, गार पडलास" म्हणालात तर पुन्हा दारातला वाद सुरू होतो. त्याच्या हाताला गार लागलं तर पुढचं काही सांगावं लागत नाही.

## टप्पा ८: काढायचं कधी, घालायचं कधी

इथला नियम बहुतेकांच्या सवयीच्या उलट आहे. घाम येण्याआधी काढायचं आणि थंडी वाजण्याआधी घालायचं.

घरातून निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत चालून अंग तापतं. निघतानाच छान उबदार वाटत असेल तर पोचेपर्यंत घाम येणार. सराव सुरू होताना वरचे दोन्ही थर काढून कोरड्या जागी, सॅकच्या आत ठेवायचे. कंबरेला बांधलेलं जॅकेट घामाने पाठीमागून भिजतं. सराव संपला की पाणी पिण्याआधी, गप्पांआधी जॅकेट अंगावर. अंग तापलेलं असताना जॅकेट घालणं मुलांना विचित्र वाटतं, पण साठलेली ऊब तेवढ्याच वेळात वाचवता येते. हुडहुडी भरल्यावर घातलं तर अंग परत तापायला बराच वेळ जातो.

सॅकमध्ये कायम असावं: वारा अडवणारं जॅकेट, एक कोरडा अंगालगतचा शर्ट, एक कोरडा मोज्यांचा जोड. हे सगळं एका जलरोधक पिशवीत, सॅकच्या वरच्या भागात. तळाशी ठेवलेलं जॅकेट बाहेर निघत नाही, हे पक्कं समजा.

समारंभासाठी पातळ पोशाख घालणाऱ्यांचं गणित सोपं आहे. पोशाखाच्या आत बसेल एवढं थर्मल, वर आत शिरेपर्यंत लांब कोट आणि परतीच्या प्रवासासाठी कोट कुठे ठेवलाय हे माहीत असणं. फसगत परतीला होते, रात्री, कोट दुसऱ्याच्या गाडीत राहिलेला असताना.

## टप्पा ९: कुठे सोडून द्यायचं, कुठे ठाम राहायचं

घर ते शाळा दहा मिनिटं, कोरडी हवा, दोन्हीकडे छप्पर: मूल टी-शर्टवर गेलं तर जाऊ द्या. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं. एकदा थोडं गारठल्याने मूल आजारी पडत नाही. अशा छोट्या वाटेवर थोडी थंडी वाजली तर मुलं आपला अंदाज स्वतःच सुधारतात.

ठाम राहायचं ते अशा वेळी: निवाऱ्यापासून लांब जायचं आहे, परतीची वेळ नक्की नाही, पाऊस आणि वारा दोन्ही आहेत, किंवा तापमान शून्याखाली आहे. तेव्हा सॅकमधले थर सोबत नेलेच पाहिजेत. घालायचे केव्हा, ते मुलावर सोडा. हा करार मुलं पाळतात, असा माझा विश्वास आहे, कारण त्यात त्यांचा निर्णय शिल्लक राहतो.

काही मुलांच्या बाबतीत ही सूट नाही. दमा असलेल्या मुलांना गार, कोरड्या हवेत धाप लागू शकते. नाक-तोंड झाकणारा पातळ कपडा आणि डॉक्टरांनी दिलेलं इन्हेलर सोबत हवंच. गारठ्यात ज्यांची बोटं पांढरी-निळी पडून बधिर होतात किंवा अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. फार किडकिडीत मुलं लवकर थंड पडतात, कारण त्वचेखाली चरबी कमी असते. त्यांच्यासाठी टप्पा २ मधली यादी एक पायरी खालून वाचा. नेहमी थंडी सोसणारं मूल अचानक सतत कुडकुडायला लागलं, किंवा वजन उतरत असताना ढगळ कपड्यांखाली अंग लपवायला लागलं, तर तेही डॉक्टरांना सांगा.

धोक्याच्या खुणा मुलांना पाठ हव्यात, स्वतःसाठी आणि मित्रासाठी: न थांबणारी हुडहुडी, चेन लावता न येणं, अडखळत चालणं, जड जिभेने बोलणं, विनाकारण चिडणं किंवा गप्प होणं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की शरीर धोकादायकरीत्या थंड पडण्याची ही अवस्था सुरू होते. हुडहुडी थांबली पण मूल सुस्त किंवा गोंधळलेलं दिसतंय, तर ते सुधारणं नव्हे, बिघडणं आहे. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

मदत येईपर्यंत आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं घाला, धड आणि डोकं पांघरुणात गुंडाळा, खाली जमिनीचा गारवा लागू नये म्हणून काहीतरी अंथरा. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. बोटं किंवा कान पांढरे पडून बधिर झाले असतील तर बोटं काखेत धरा, कानावर उबदार तळहात ठेवा, घासू नका. बधिरपणा गेला नाही किंवा त्वचा कडक लागली तर डॉक्टरकडे न्या.

सावधान: खूप वेळ बाहेर राहिलेल्या मुलाचं "मला काही होत नाहीये" हे उत्तर धरून चालू नका. गारठलेली त्वचा बधिर होते आणि थंडी वाजणंच कळेनासं होतं. उत्तराऐवजी बोटं, चाल आणि बोलणं बघा.

## टप्पा १०: घरी आल्यावर

ओलसर थर सॅकमध्ये रात्रभर राहू देऊ नका. अंगालगतचे पॉलिएस्टरचे कपडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका; त्याचा लेप बसला की कापड घाम पसरवेनासं होतं, आणि मग "हे थर्मल आता पूर्वीसारखं राहिलं नाही" अशी तक्रार येते. लोकर थंड पाण्यात हलक्या हाताने धुवून सपाट पसरून वाळवा. पफर वाळताना अधूनमधून झटका, म्हणजे भरण गोळा होत नाही. आणि साठवताना दाबून ठेवू नका.

या वयात मुलं एका हंगामात उंच होतात. गेल्या वर्षीचं थर्मल पुन्हा काढलं की हात पुढे ताणून मनगट बघा, वाकून पाठ बघा. मनगटाचं हाड उघडं पडत असेल तर ते धाकट्याकडे द्यायची वेळ झाली.